पहिली मोठी स्पर्धा आणि आपलं तरुण कुत्रं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

उन्हाळा लागला की इकडे इंग्लंडमध्ये दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे अ‍ॅजिलिटीचा शो, म्हणजे कुत्र्याला घेऊन पळायची अडथळ्यांची शर्यत, असतोच आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. एरवी खाणं, केस गळणं, फटाके असे विषय असतात, पण या दिवसांत बहुतेक पत्रांत एकच काळजी दिसते, आमचं कुत्रं घरी सगळं करतं पण स्पर्धेत काय करेल देव जाणे. यावेळी इंग्लंड, अमेरिका, कोल्हापूर आणि पुणे अशा चार ठिकाणची पत्रं घेतलीयत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत खूप जणांनी विचारलाय.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही लीड्सजवळ राहतो. आमचा चिकू, वर्किंग कॉकर स्पॅनियल, आता वीस महिन्यांचा आहे. क्लबमध्ये सगळं करतो, बाराच्या बारा वीव्ह पोल्स (ओळीने रोवलेल्या काठ्यांतून नागमोडी जाणं), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी), सी-सॉ (वरखाली होणारी फळी), काही म्हणता काही राहत नाही. मे महिन्यात जवळच्याच एका छोट्या शोला नेलं तर तिसऱ्या जंपनंतर नाक जमिनीला लावलं ते वर काढेचना, मी हाका मारतेय आणि हा हुंगतोय, मग सरळ जजपाशी जाऊन शेपूट हलवत उभा राहिला. लोक हसले, मला रडू यायचं बाकी होतं. ऑगस्टमधल्या केनेल क्लबच्या (इथली कुत्र्यांची मुख्य संस्था) इंटरनॅशनल अ‍ॅजिलिटी फेस्टिव्हलची एंट्री भरून झालीय. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात गेले समज. चिकू मुद्दाम करतो का हे? आणि आता जावं की नको?

उत्तर: जा. एंट्री भरलीय तर नक्की जा, फक्त कशासाठी जायचं ते आत्ताच ठरवून टाका, कारण चिकूची ही पहिली मोठी स्पर्धा त्याची परीक्षा नाहीये, त्याच्यासाठी ती जागेची ओळख आहे. त्याला एवढंच कळायला हवं की ही गर्दी, हे तंबू, तो भोंग्यावरचा आवाज, हे सगळं असतानाही माझं माणूस तेच आहे आणि खेळही तोच आहे. एवढं जरी घेऊन घरी आलात तरी पुढचं सगळं वर्ष सोपं जातं.

मुद्दाम तर तो अजिबात करत नाहीये. कुत्र्याचं शिकणं जागेला फार चिकटलेलं असतं. तुमच्या क्लबमधलं गवत, तिथला टनेल, तीच चार-पाच कुत्री, तुम्ही नेहमी जिथे उभ्या राहता तो कोपरा, या सगळ्यासकट तो वीव्ह पोल्स शिकलाय. नवीन मैदानात पोल्स तेच असतात, बाकी सगळं बदललेलं असतं. आणि अचानक जमीन हुंगायला लागणं हे तर तरुण कुत्र्यांचं ताण आल्याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे, आपल्याला तो बेफिकीर वाटतो पण आतून त्याला काय करावं ते सुचत नसतं. जजकडे जाणंही त्यातलंच. रिंगमध्ये एक माणूस शांत उभं आहे आणि आपलं माणूस मात्र ओरडतंय, मग तो शांत माणसाकडे जातो, कॉकरसारखं माणसाळलेलं कुत्रं तर जाणारच.

दुसरी गोष्ट जरा मनापासून ऐका. अ‍ॅजिलिटीत कुत्रं आपले शब्द कमी आणि पाय, खांदे, वेग जास्त वाचतं. तुमचा खांदा ज्या दिशेला वळला तिकडे ते जाणार. रिंगमध्ये आपण घाबरलेलो असतो तेव्हा श्वास अडकतो, आवाज चढतो, पाय अर्धा सेकंद उशिरा निघतात आणि आपण पुढच्या जंपकडे बघायच्या ऐवजी कुत्र्याकडे वळून वळून बघतो. क्लबमध्ये जी बाई त्याच्याबरोबर मोकळी पळते ती इथे नसतेच, दुसरीच कोणीतरी असते. कोणाला तरी पुढच्या शोला तुमचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि पहिल्यांदा बघताना चिकूकडे बघूच नका, फक्त स्वतःचे पाय बघा.

आता ऑगस्टपर्यंत काय करायचं. एंट्री न भरता दोन-तीन शो नुसते बघायला जा. रिंगपासून बऱ्यापैकी लांब, जिथे चिकू खाऊ घेतोय आणि तुमच्याशी दोरी ओढत खेळतोय एवढ्या अंतरावर थांबा, खेळा, आणि त्याला कंटाळा यायच्या आत घरी या. पुढच्या वेळी थोडं जवळ. खाऊ घ्यायचा बंद झाला म्हणजे फार जवळ आलात, मागे व्हा. हे दिसायला काहीच काम नाही, पण माझ्या मते वीव्ह पोल्सच्या अजून पन्नास प्रॅक्टिसपेक्षा यातच जास्त फायदा आहे.

खाऊचंही आत्ताच बघा. रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही, आणि बऱ्याच कुत्र्यांना हे पहिल्यांदा कळतं ते स्पर्धेच्या दिवशीच, की अरे खिसा तर रिकामा आहे. म्हणून क्लबमध्ये खाऊची पिशवी रिंगच्या बाहेर खुर्चीवर ठेवा, त्याला दाखवून ठेवा, आत येऊन एकच जंप करा आणि दोघांनी पळत बाहेर पिशवीकडे. मग तीन जंप, मग टनेलसकट सहा. त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे की खेळ संपला की बाहेर मेजवानी आहे, आणि ती पिशवी कुठे पळून जात नाही.

केनेल क्लबच्या शोमध्ये नॉट फॉर कॉम्पिटिशन म्हणून पळायची सोय असते. सुरू करायच्या आधी सांगायचं की आम्ही स्पर्धेसाठी नाही, ट्रेनिंगसाठी पळतोय, मग गुण-बिण धरत नाहीत आणि तुम्ही तुमच्या हिशोबाने चार अडथळे करून बाहेर येऊ शकता. त्या-त्या शोच्या शेड्यूलमध्ये याचे नियम दिलेले असतात ते आधी वाचून घ्या. लाज वगैरे काही वाटून घेऊ नका, वरच्या ग्रेडचे अनुभवी लोकही तरुण कुत्र्यांना असंच पळवतात.

फेस्टिव्हलला दिवसाला एक किंवा फार तर दोनच रन घ्या. त्यात पहिला जंपिंगचा घ्या, कारण जंपिंग कोर्सवर ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा तंबूसारखा चढ), डॉग वॉक, सी-सॉ नसतात, नुसत्या जंप, टनेल, पोल्स असतात, कुत्रं मोकळं सुटतं आणि तुमच्याही डोक्याला कॉन्टॅक्टचं, म्हणजे फळीच्या टोकाला पंजा टेकतोय की नाही याचं, टेन्शन नसतं. चिकूचं माप अधिकृत मोजलेलं असेलच, मीडियम उंचीच्या गटात असेल तर जंप ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे उंचीची काही चिंता नाही.

कोर्स वॉकला, म्हणजे पळायच्या आधी अडथळे चालत बघताना, कुत्रं बरोबर नसतं, फक्त हँडलर, म्हणजे कुत्र्याला पळवणारी माणसं, चालतात. पहिली फेरी नुसते नंबर बघत चाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक वळणाच्या आधी खाली बसा, खरंच बसा, चिकूच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा समोर काय दिसतंय. उभं राहून आपल्याला पाचवी जंप दिसत असते आणि खाली बसल्यावर कळतं की त्याला समोर टनेलचं तोंडच दिसणार आहे, तो तिकडेच जाणार. मग तिथे आपण कुठे उभं राहायचं, फ्रंट क्रॉस करायचा, म्हणजे त्याच्या पुढून बाजू बदलायची, की मागून, ते तिथल्या तिथे ठरवून टाका. तिसरी फेरी हात हलवत, मनात कुत्रं धरून, पळत.

स्टार्ट लाइनला त्याला फार वेळ बसवून ठेवू नका. घरी दहा सेकंद बसत असेल तर इथे दोन सेकंद पुरे. आणि हुंगायला लागलाच तर एकदा हाक मारा, दहादा नको. दहा हाका म्हणजे त्याच्या कानाला नुसती कटकट. त्याच्या उलट दिशेला टाळ्या वाजवत पळा, जवळचा सगळ्यात सोपा टनेल किंवा जंप दाखवा, तेवढं केलं की जजला थँक यू म्हणून हसत बाहेर या आणि पिशवी उघडा. कॉलर धरून, तोंड पाडून बाहेर आणू नका, कारण त्याला तेच लक्षात राहतं.

बाकी त्या दिवशीचं थोडक्यात. आधी दहा मिनिटं लीडवर चालवा, शी-शू नक्की करून घ्या कारण रिंगमध्ये केली तर बाद होतं, मग प्रॅक्टिस जंपवर चार-पाच उड्या, जास्त नको. रांगेत नाकाला नाक लावून उभं राहू नका, बाजूला खेळत राहा आणि तुमच्या पुढे तीन-चार जण उरले की या. ऑगस्टमध्ये कोवळं ऊन दिसतं पण गाडी आतून भट्टी होते, चिकूला गाडीत सोडू नका, सावलीत क्रेट आणि पाणी. पळून झालं की श्वास खाली येईपर्यंत चालवा, लगेच क्रेटमध्ये कोंबू नका.

मिस्टरांना सांगा, पैसे कुठेही गेलेले नाहीत. आणि व्हिडिओचं काम त्यांनाच द्या.

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीला असतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना सोसायटीच्या गेटवर जन्मलेलं पिल्लू घेऊन आलो, सखी. जात विचारली की आम्ही इंडी सांगतो. ती इतकी चपळ आहे की ट्रेनरच म्हणाल्या अ‍ॅजिलिटी करा. पण पेडिग्रीचे कागद नाहीत, तर मोठ्या स्पर्धेत घेतात का? आणि सी-सॉला ती जाम घाबरते, एकदा फळी जोरात आपटली तेव्हापासून जवळही जात नाही. पहिली ट्रायल सहा आठवड्यांवर आहे.

उत्तर: घेतात की! अमेरिकन केनेल क्लबने २००९ पासून मिक्स आणि कागद नसलेल्या कुत्र्यांसाठी कॅनाइन पार्टनर्स नावाने नोंदणी सुरू केलीय, तिथे नाव घातलं की अ‍ॅजिलिटीत उतरता येतं. नसबंदी झालेली असावी लागते आणि वय १५ महिने पूर्ण, सखीचं झालेलंच आहे. मला हे पत्र वाचून फार म्हणजे फार आनंद झाला. आपली गावठी कुत्री अंगाने हलकी, पायांनी लांब, जागच्या जागी वळणारी, या खेळाला एकदम योग्य. फक्त ती नव्या वस्तूला लगेच भिडत नाहीत, आधी लांबून गोल फिरून बघतात. ज्या कुत्र्यांच्या कित्येक पिढ्या रस्त्यावर जगल्या त्यांच्यासाठी हा शहाणपणाच आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नका आणि घाईही करू नका.

म्हणून पहिल्या ट्रायलला सी-सॉ असलेला स्टँडर्ड क्लास घेऊच नका. जंपर्स विथ वीव्ह्ज घ्या, त्यात सी-सॉ नसतो, ए-फ्रेम आणि डॉग वॉकही नसतात, आणि नोव्हिसला, म्हणजे नवख्यांच्या वर्गाला, वीव्ह पोल्स सहाच. सहा आठवड्यांत तिची भीती घालवून दाखवायचीच असं मनात धरलंत तर भीती वाढेल.

सी-सॉचं काम सावकाश, आणि दोन भाग वेगळे करून. तिला आवाजाची भीती बसलीय आणि फळी हलण्याचीही, एकदम दोन्ही नको. आधी फळीच्या टोकाखाली जाड उशी ठेवा आणि टोक जमिनीपासून बोटभर वरच धरा. सखीने स्वतःहून पंजा ठेवून ते खाली दाबलं की खाऊ. स्वतःहून, हे महत्त्वाचं, तुम्ही तिचा पंजा धरून ठेवायचा नाही. ती ठपाठप दाबायला लागली की उशी पातळ करा, म्हणजे थोडा ठक असा आवाज येईल, तो आवाज तिने केलेला असेल आणि त्यावर खाऊ मिळालेला असेल, मग त्याचा अर्थच बदलतो. हलणं शिकवायला वेगळी बसकी फळी, खाली गुंडाळलेला टॉवेल, त्यावर उभं राहून डुलायचं. दोन्हीत मजा यायला लागली की मग खरा सी-सॉ, एकाने टोक धरून हळू खाली आणायचं. मागून ढकलणं, पट्ट्याने ओढत नेणं, हे कोणीही सांगितलं, अगदी ट्रेनरने सांगितलं तरी करू नका.

नियम असा आहे की फळीचं टोक जमिनीला टेकल्यावरच कुत्र्याने उतरायचं, त्यामुळे टोकावर थांबून खाऊ खायची सवय आत्तापासून लागली तर पुढे कधीतरी उपयोगीच पडेल.

प्रश्न: मी कोल्हापूरला राहते. नात बारा वर्षांची, आई-बाबांबरोबर इंग्लंडला असते. तिच्या कुत्रीला घेऊन ती त्या उड्या मारायच्या स्पर्धेत गेली आणि कुत्री चुकीच्या बोगद्यात शिरली म्हणून बाद झाली. पोर फोनवर हमसून हमसून रडली. मला त्यातलं काहीच कळत नाही, काय बोलू तिच्याशी? हा खेळ आहे तरी काय?

उत्तर: आजी, तुम्ही विचारलंत हेच किती छान. हा खेळ तसा फार जुना नाही. १९७८ साली लंडनला ऑलिंपिया नावाच्या हॉलमध्ये क्रफ्ट्स नावाचा मोठा डॉग शो होता, त्यात मधल्या वेळात प्रेक्षकांना काहीतरी बघायला मिळावं म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल या दोघांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून कुत्र्यांसाठी एक अडथळ्यांची शर्यत बसवली. लोकांना ती इतकी आवडली की १९८० मध्ये केनेल क्लबने तिला रीतसर मान्यता दिली. आज ती जगभर चालते, आणि क्रफ्ट्स आता बर्मिंगहॅमला होतं तिथेही अ‍ॅजिलिटीला गर्दी लोटते.

अडथळ्यांना नंबर असतात, त्याच क्रमाने जायचं. काठी पाडली तर पाच गुणांचा दंड, अडथळा टाळला तर पाच, तीनदा टाळला किंवा भलत्याच अडथळ्यावर गेलं की बाद. आणि बाद होणं या खेळात रोजचंच आहे, जगज्जेते सुद्धा होतात, त्यातून पहिल्या मोठ्या स्पर्धेत तरुण कुत्री टनेलमध्ये शिरली याचा अर्थ ती जोरात पळत होती आणि टनेल तिला आवडतो. थिजून उभी राहिली असती तर मला जास्त काळजी वाटली असती.

नातीला फोनवर नंबर कितवा आला ते विचारू नका. कुत्रीचं नाव घेऊन विचारा की ती कुठल्या अडथळ्यावर सगळ्यात खूश होती, आणि बाहेर आल्यावर तिला काय खायला दिलंस. ती बोलायला लागेल, अर्धा तास बोलेल. शिवाय तिला सांगा की यंग केनेल क्लब म्हणून ६ ते २४ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी शाखा आहे, तिथे तिच्या वयाची मुलं भेटतील, एकटीने मोठ्यांच्यात उभं राहायची वेळ येणार नाही. आणि तिच्या आई-बाबांना माझ्याकडून एकच, रिंगच्या दोरीबाहेरून सूचना ओरडू नका.

प्रश्न: पुण्यात कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. लॅब्रॅडॉर नऊ महिन्यांचा, ब्रूनो. मुलगा यूट्यूबवर क्रफ्ट्सचे व्हिडिओ बघून रोज हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर बांबू ठेवून त्याच्याकडून उड्या मारून घेतो, दोन-सव्वादोन फुटांच्या. ब्रूनोला खूप आवडतं. लवकर सुरू केलं तर लवकर तयार होईल ना?

उत्तर: नाही, आणि तो बांबू आजच खाली काढा. स्पष्ट लिहितेय, राग मानू नका. कुत्र्याच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या मऊ पट्ट्या असतात, लॅबसारख्या मोठ्या जातीत त्या पूर्ण भरून यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, कधी थोडं जास्तही. तोपर्यंत उंच उडी, आणि मुख्य म्हणजे उडीनंतर खाली येताना पुढच्या पायांवर बसणारा दणका, त्या पट्ट्यांना झेपत नाही. लॅबला खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे त्रास तसेही जातीतच आहेत. इंग्लंडमध्ये आणि युरोपात १८ महिने पूर्ण झाल्याशिवाय स्पर्धेत घेतच नाहीत ते उगाच नाही. व्हिडिओत दिसतात ती कुत्री वाढ पूर्ण झालेली असतात, आणि माती, गवत किंवा खास अंथरलेल्या जमिनीवर पळतात. तुमच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स आहेत ना? ब्रूनो उतरताना त्याचे मागचे पाय फाकतात का ते एकदा नीट बघा, फाकत असणारच.

त्याला आवडतं ते उडी मारणं नाही, मुलाबरोबर खेळणं आवडतंय. तेच चालू ठेवा, प्रकार बदला. बांबू जमिनीवर आडवे टाका, एका ओळीत चार-पाच, आणि हळू त्यावरून चालवा, त्याला आपले मागचे पाय कुठे आहेत ते कळायला लागेल, कुत्र्यांना हे जन्मतः फारसं कळत नाही. टेबलावर चादर टाकून बोगदा करा. बसकी फळी किंवा पाट ठेवून पुढचे पाय वर आणि मागचे पाय भोवती गोल फिरवत न्यायला शिकवा. बागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लांब लांब ठेवून त्यातून मुलाने पळायचं आणि ब्रूनोने मागे, उजवीकडे, डावीकडे. थांब, सोड, ये, हे तीन शब्द पक्के. पुढे तो दीड वर्षाचा झाल्यावर याच पायावर सगळं उभं राहतं, आणि आसपास स्पर्धा असो नसो, घरातलं कुत्रं म्हणूनही याने तो सुधारतोच.

वेळ सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं गेल्यावर. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सहन झाला नाही तर त्याच्या पंजालाही होणार नाही. वजन आटोक्यात ठेवा, लॅब मागतो म्हणून पोळीचा तुकडा देत राहिलात तर गुडघे आधी तक्रार करतील. खेळ एका वेळी पाच-सात मिनिटं, मग पाणी आणि झोप.

ब्रूनो दीड वर्षाचा झाला की व्हेटकडे नेऊन खुबा आणि कोपराचे एक्स-रे काढून घ्या. ते ठीक आले तर पहिली काठी त्याच्या मनगटाच्या उंचीची, गवतावर, धक्का लागला की पडेल अशी सैल ठेवलेली, आणि दिवसाआड थोड्याच उड्या. व्हेटने वाढ पूर्ण झाल्याचं सांगितलं की मग मुलाला बांबू परत द्या.